सात टाक्यांची ताटली

तडेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. लॅबमधल्या मंडळींनी कधीतरी गमतीत ठेवलेलं ते नाव, पण असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा जिन्यात "तडेवाले इथेच ना?" म्हणून विचारायचा आणि शेजारीपाजारी वरच्या मजल्याकडे बोट करायचे. धंद्याने ते दात करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये तोंडाचे साचे यायचे. त्यांवर चिनी मातीचा एकेक पातळ थर ब्रशने चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा, पुन्हा भाजायचा, असं बत्तीस वर्षं चाललं होतं. वर्षाला एक धरला तरी एव्हाना तोंड भरलं असतं, असं ते स्वतःच सांगायचे. शेजारच्या खऱ्या दातालाही पत्ता लागू नये असा बेमालूम दात करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि दिवसभर बेमालूमपणाची अशी चाकरी करून हा गृहस्थ घरी यायचा, तो थेट फुटक्या बशांपाशी.

फुटक्या म्हणजे नुसत्या फुटक्या चालत नसत. नियम कडक होते. वस्तू जुन्या चिनी बनावटीची हवी, ती एकदा तरी फुटलेली हवी, आणि मुख्य म्हणजे त्याच जुन्या काळात कुणीतरी जीव लावून ती दुरुस्त केलेली हवी. तेव्हा आजच्यासारखा पक्का गोंद नव्हता. दुरुस्ती करणारा तुकडे जुळवायचा, चिरेच्या दोन्ही बाजूंना मागून बारीक भोकं पाडायचा, तीही आरपार न जाणारी, आणि त्यांत पितळेची तार वाकवून ताणून बसवायचा. कापडाला घालतात तसेच टाके, फक्त धातूचे. तडेवाल्यांकडे अशा एकेचाळीस वस्तू होत्या. एका किटलीला पत्र्याची चोच होती, एका पेल्याचा मूळ कान जाऊन वेताचा बसवला होता, एका वाडग्याला तर नऊ टाके होते. अखंड वस्तू कुणी दाखवली की ते ती उलटून बघायचे आणि सभ्यपणे परत करायचे. "चांगली आहे, पण हिला काही झालंच नाही," म्हणायचे. जन्मात कधी घराबाहेर न पडलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा सूर असायचा.

टाके मागच्या बाजूला असतात, म्हणून त्यांच्या कपाटात सगळ्या बशा पाठ करून उभ्या. पाहुणा मोठ्या उत्साहाने कपाटापाशी जायचा, आणि बघतो तो काय, पांढऱ्या पाठी आणि काळपट टाके. "यांच्यावर चित्रं नसतात का?" तो बिचारा विचारायचा. "असतात ना, पलीकडून आहेत," तडेवाले म्हणायचे आणि भिंग त्याच्या हातात द्यायचे. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. ती फोनवर म्हणायची, "बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं ते माझा हात मोडला तेव्हा. प्लास्टर निघालं आणि लक्षही गेलं." यावर सगळे हसायचे, तडेवालेही हसायचे.

रविवारी दुपारी ऊन कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आलं की ते एखादी वस्तू मांडीवर घ्यायचे, अंगठा टाक्यांवरून फिरवायचे आणि डोळे अर्धवट मिटायचे. मग ते या घरात नसायचे. किटली हातात असली तर समोर दोन बहिणी यायच्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या. खोली हिरवट रंगाची, बाहेर पाऊस थांबल्यानंतरचा उजेड. एक किटली पुढे करते, दुसरी हात मागे घेते, आणि दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत किटली हळूच निसटते. चोच तुटते. आता ती दुरुस्तीला कुणी न्यायची हे ठरवायला तरी बोलावंच लागतं. वाडगा हातात असला तर नदी यायची, नदीवर दाट धुकं, आणि एक म्हातारा नावाडी होडीच्या काठावर बसून वाडगा विसळतोय. वाडगा निसटून होडीतच पडतो, नदीत पडत नाही, आणि तुकडे झाले तरी म्हाताऱ्याला केवढं समाधान वाटतं. धुक्यातून त्याचं खोकणंसुद्धा तडेवाल्यांना ऐकू यायचं. त्यांना भिंतींचे रंग दिसायचे, बादली कुठल्या कोपऱ्यात आहे ते दिसायचं, पडण्याआधी कोण काय बोललं ते कळायचं. बाकी हा माणूस शहराच्या वेशीबाहेर फारसा कधी गेला नव्हता. साधं मुलीकडे जायचं म्हटलं तरी प्रवास त्यांच्या जिवावर यायचा.

चार वाजता बायको चहा आणायची. मग ते तिला सगळं सांगायचे, किटलीचं, वाडग्याचं, कधी जुनंच नव्याने. ती समोर बसून काहीबाही निवडत असायची, आणि जिथे "मग?" म्हणायचं तिथे बरोबर "मग?" म्हणायची. तीस वर्षं असं ऐकणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. ते आपल्याला मिळालंय हे तडेवाल्यांना माहीत नव्हतं, कारण ते नेहमी तिथेच बसलेलं असायचं. ती मधूनच मुलीच्या फोनबद्दल काही सांगायची किंवा स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल. त्यावर ते "हं" म्हणायचे.

एकच सल होता. हे सगळं आपल्या मनाचे मांडे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोडणारेही गेले, जोडणारेही गेले, विचारायचं कुणाला? "एक तरी खरी कळायला हवी," ते बायकोला म्हणायचे. "कोण होतं, कुठल्या खोलीत, पडल्यावर कोण काय बोललं. फक्त एकीची कळू दे. मग माझं काही मागणं नाही." बाकी कसलाच हट्ट नसलेल्या या माणसाचा हा एक हट्ट होता, आणि वयाबरोबर तो वाढत चालला होता.

जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा त्या वर्षी निरोप आला, टाकेवाली आलीय, येऊन जा. तडेवाले अर्धा चहा टाकून गेले. दुकान म्हणजे एक लांबट अंधारी खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत घड्याळं, दिवे, खुर्च्यांचे पाय. दुकानदाराने गल्ल्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ताटली काढली आणि त्यांची सवय माहीत असल्यामुळे पालथीच समोर ठेवली. तीन तुकडे, सात टाके. पांढरी स्वच्छ पाठ, मध्ये छोटासा निळा चौकोनी शिक्का.

"एक बाई ठेवून गेल्या," दुकानदार म्हणाला. "घरातलीच आहे म्हणाल्या."

तडेवाल्यांचा हात थांबला. "म्हणजे जिची आहे ती बाई जिवंत आहे?"

"चांगल्या चालत आल्या होत्या. पण नाव सांगायचं नाही असं बजावलंय. तेवढं विचारू नका."

त्यांनी भावही केला नाही. ताटली छातीशी धरून घरी आणली आणि कपाटाच्या मधल्या फळीवर, अगदी मानाच्या जागी, पाठ पुढे करून उभी केली. बायको हात पुसत बाहेर आली.

"बघ," ते म्हणाले, "सात टाके."

ती बघत राहिली. "पुढून बघितलीत?"

"बघतो गं, मागाहून." आणि ते भिंग शोधायला गेले.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॅबच्या पॅडवर पत्र लिहायला घेतलं. दुकानदार नाव सांगत नाही तर नको सांगू दे, पत्र तर पोचवील. लिहून झाल्यावर बायकोला हाक मारली. "ऐक जरा, जास्त तर होत नाही ना बघ." आणि वाचून दाखवलं: "आपली ताटली माझ्याकडे सुखरूप आहे. तिला धक्का लागणार नाही अशी ठेवली आहे. ती कशी फुटली हे मला कळेल का? सांगताना आपल्याला त्रास होणार असेल तर सांगू नका. पण सांगितलंत तर मी नीट ऐकेन."

बायको भिंतीला टेकून उभी होती. "शेवटचं पुन्हा वाचा," ती म्हणाली.

"सांगितलंत तर मी नीट ऐकेन. खटकतंय का काही?"

"नाही. राहू द्या तसंच."

आठवड्याने उत्तर आलं, तेही तोंडी. दुकानदार म्हणाला, "बाईंनी पत्र वाचलं. म्हणाल्या, विचारलं कुणीतरी, तेवढं पुष्कळ झालं." तडेवाले तिथेच एका पाय मोडलेल्या खुर्चीवर बसले. असं उत्तर देणारी बाई कशी असेल या विचाराने ते पार हरवून गेले, इतके की परत येताना दोन चौक पुढे चालत गेले.

मग पुढचे दोन महिने त्या घरात तीच बाई राहायला आली म्हणा ना. किटलीच्या बहिणी मागे पडल्या, नावाडी धुक्यात विरून गेला. तडेवाले ताटली मांडीवर घ्यायचे आणि त्यांच्यासमोर एक उंच छताचं स्वयंपाकघर उघडायचं. खिडकीत संध्याकाळ, जमिनीवर उजेडाची लांब पट्टी. बाई पाठमोरी. घर मोठं, माणसं पांगलेली, कुठेतरी नळ टपटपतोय. बाईचा चेहरा त्यांना कधी दिसला नाही, पण तिच्या मानेवरून ती काहीतरी ठरवून उभी आहे असं वाटायचं. हे ते चहाच्या वेळी सांगायचे, आणि यंदा गंमत अशी की बायको नुसतं "मग?" म्हणून थांबत नव्हती.

"तिच्या हाताला साबण होता," ते म्हणायचे. "म्हणून निसटली."

"हात कोरडे असतील."

"तुला काय माहीत?"

"असंच आपलं वाटलं."

त्यांनी विचार केला आणि हात कोरडे केले. खरंच, चित्र जास्त शोभलं. ती आता चार वाजायची वाट न बघता साडेतीनलाच चहा आणायला लागली. समोर बसताना निवडायला काही आणत नव्हती. तिचा चेहरा उजळलेला दिसायचा. निदान कुणी बघितलं असतं तर दिसला असता.

लॅबमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांच्याच वयाचा एक जण तारकाम करायचा. थोडेच दात बसवायचे असले की ते खऱ्या दातांना धरून ठेवायला तारेच्या पकडी लागतात. या तारवाल्यांचा त्यात असा हात बसलेला की त्यांची पक्कड चालताना बघत राहावं. तारेचं टोक ते कधी तसंच सोडत नसत. किंचित आत वळवायचे, कोपरा गोल करायचे आणि रबराच्या चाकावर घासून गुळगुळीत करायचे, म्हणजे ते हिरडीला टोचत नाही. काम डॉक्टरकडे पाठवण्यापूर्वी त्यावरून एकदा अंगठा फिरवून बघायचा हे तडेवाल्यांचं काम. एका शनिवारी सकाळी त्यांनी असाच अंगठा फिरवला आणि तो मध्येच थांबला. पुन्हा फिरवला. हा गोलपणा त्यांच्या अंगठ्याला पाठ होता. गेले दोन महिने रोज त्यावरून तो फिरत होता, आणि तो स्पर्श इतका सुखाचा का वाटतो याचा त्यांनी विचारच केला नव्हता. जुन्या टाक्यांचे कोपरे खरखरीत असतात. जोडणारा कशाला घासत बसेल? ताटलीला काय हिरड्या असतात?

ते तारवाल्यांसमोर जाऊन उभे राहिले. "ती ताटली तू शिवलीस."

तारवाल्यांनी पक्कड खाली ठेवली. "वहिनींनी शपथ घातली होती."

"कोण वहिनी?"

"अरे, तुझी बायको. मला वहिनी आहेत किती?"

तडेवाले मागे एकदा दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. बायको टॉवेलमध्ये तीन तुकडे गुंडाळून लॅबमध्ये आली होती. टाके घाला, पण जुने दिसले पाहिजेत, म्हणाली. तारवाल्यांनी तार धुरावर धरून काळी केली, भोकं मुद्दाम तिरकी पाडली, सगळं केलं. "कोपरे तेवढे हाताने आपोआप घासले गेले," ते म्हणाले. "मी म्हटलं, वहिनी, अखंड असती तर किती मोलाची वस्तू होती. तर म्हणाल्या, अखंड होती तेव्हा तीस वर्षं कपड्यांखाली पडून होती. आईची आहे. यांनी एकदा तरी मांडीवर घ्यावी."

तडेवाल्यांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? टाके जुने नाहीत, म्हणजे ही ताटली आपल्या नियमात बसत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट, पण खरी. दुसरा विचार यायला जिना उतरून रस्त्यावर यावं लागलं. ताटली सासूबाईंची, म्हणजे ती आपल्याला कधीतरी दाखवली असणार. चाव्या करणारा, छत्र्या शिवणारा, पिठाची गिरणी, रोजचीच दुकानं होती, पण त्यांना ती पाण्याखालून दिसावी तशी दिसत होती. सासूबाईंची ताटली आठवते का, म्हणून ते मनाला खोदून विचारत होते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची. कपाटातून काढून, कापड सोडत बायकोने हातात दिली होती. त्यांनी उलटून बघितली होती. पांढरी पाठ, निळा शिक्का. चांगली आहे, पण हिला काही झालंच नाही. यापुढचं काही आठवत नव्हतं. तिचा चेहरा तर नाहीच.

"इतक्या लवकर?" बायकोने दार उघडलं. "बरं वाटत नाही का?"

ते थेट कपाटाकडे गेले, ताटली काढली आणि टेबलावर पहिल्यांदाच सुलटी ठेवली. निळ्या रंगात दोन लावे पक्षी होते, कणसाखाली चोच खाली करून दाणे टिपत असलेले. चीर एकाच्या शेपटीतून गेली होती. ते खुर्चीवर बसले.

"सांगितलं वाटतं त्यांनी," ती म्हणाली.

"मीच ओळखलं. टाक्यांवरून."

"टाक्यांवरूनच ओळखणार." ती समोर बसली. रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"का गं केलंस असं?"

"तुम्हाला एक तरी खरी हवी होती ना? आणि पत्रात लिहिलंत, सांगितलंत तर नीट ऐकेन."

"ऐकतो," तडेवाले म्हणाले.

मग तिने सांगितलं. मंगळवार होता, संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. याच स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. हात कोरडे होते. आधी कमरेइतक्या उंचीवरून सोडली तर फुटलीच नाही. फरशीवर गरगर फिरली आणि आपली आपण निवांत बसली. "मला एवढं हसू आलं," ती म्हणाली. "वाटलं, आईसारखीच चिवट आहे. द्यावी ठेवून परत. उचललीसुद्धा, कापडात गुंडाळायला घेतली. मग कापडाकडे बघितलं आणि म्हटलं, आता पुन्हा यात गेली की कायमची गेली. म्हणून डोक्याच्या वर धरली आणि सोडली."

एकेचाळीस घरांतल्या एकेका माणसाची जागा सांगू शकणाऱ्या या माणसाला आता एकच प्रश्न विचारायचा होता. "मी कुठे होतो?"

"बाहेर. कपाट पुसत होता. आवाज ऐकून तिथूनच विचारलंत, काय गं पडलं? मी म्हटलं, ताटली. तर तुम्ही म्हणालात, माझ्यातली नाही ना?"

तडेवाल्यांनी आठवून बघितलं. धुक्यातल्या नावाड्याचं खोकणं आठवलं, पण हे आठवेना.

"मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "तुमच्यातली नव्हतीच. माझी होती."

आतल्या नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. त्यांना माफी मागायची होती, पण तो शब्द इतका लहान वाटला की त्यांनी तो तोंडातच ठेवला. ते तिच्याकडे बघत होते. चष्म्याच्या कडेला तिचे केस केव्हाचे पांढरे झाले होते.

मग त्यांनी विचारलं, "तुला लागलं नव्हतं ना?"

"लागलं होतं," ती म्हणाली. "तुकडा पायात गेला. पंधरा दिवस लंगडत होते मी."